हात ठरंना तवर

रंगा, माझी कुदळ परत करायची राहिली तुझ्याकडनं.

एवढं एक वाक्य लिहिलं आणि मघापासून नुसता बसलोय. तुझा दहावासुद्धा अजून झालेला नाही. लोक म्हणतात, सदाशिवराव, तुम्ही शाळेपासूनचे सोबती, रंगरावावर चार शब्द लिहा. काय लिहू? इंदापूरच्या सरकारी कुरणाचा रखवालदार होता, स्वभावानं मनमिळाऊ होता, असं? मनमिळाऊ! आणि तू! तुझ्याइतका हेकट, भांडकुदळ, आपलंच घोडं पुढं दामटणारा माणूस मी उभ्या तालुक्यात पाहिला नाही. बघ, इथंही कुदळ आलीच. आणि असा माणूस माझ्याशी भांडण अर्धवट टाकून, एक शब्द न बोलता निघून गेला, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. अरे, काही रीत आहे की नाही?

त्या सकाळी मी सणसरच्या मळ्यात वांग्याला पाणी देत होतो. कॅनॉलच्या पाण्याची पाळी आमची होती, त्यामुळं बांधावरून हललो नव्हतो. तेवढ्यात बारामतीच्या हायस्कुलातले दिवाकर मास्तर कुणाची तरी सायकल मारत आले. घामानं भिजलेले. सायकल तशीच आडवी टाकली आणि म्हणाले, "सदाशिवराव, रंगराव गेले."

"कुठं?" मी विचारलं.

खरंच असं विचारलं रे मी. मला वाटलं, तुझी बदली झाली. नाहीतर साहेबानं पुण्याला बोलावून घेतलं असेल. मास्तर बांधावर मटकन बसले. मग कळलं. आणि कळल्यावर मी काय केलं असेल? मी म्हणालो, "मास्तर, जरा थांबा, एवढे वाफे भरून घेतो." आणि भरले! दारं मोडली, दारं धरली, वांगी पोटभर पाणी प्याली, आणि मास्तर बांधावर डोकं धरून बसून राहिले. हात चिखलानं भरलेले तसेच घेऊन मी तुझ्या दारात आलो. तू ओसरीवर निजला होतास. पायाच्या नखांत माती होती. मी म्हटलं, उठंल आता, आणि विचारील, पाणी सोडून कशाला आलास रं, येड्या?

डॉक्टर म्हणाले, काळीज थांबलं. काळीज! डोंगराएवढ्या चढणीवर धावत जाऊन वणवा झोडपणाऱ्या माणसाचं काळीज थांबतं होय? मी डॉक्टरांशीही भांडलो. तुझी जागा कुणीतरी चालवायला नको का?

आपली दोघांची अदलाबदल झाली होती, आठवतं? तुमचं घर मळेकरी, भाजीपाल्याचं. आमचं घर मेंढरांचं, पिढ्यान् पिढ्या गवतामागं फिरणारं. मग आमच्या बापानं कॅनॉलखालची जमीन धरली आणि मी मेथी-वांग्यात आलो. आणि तू मळा भावांवर सोडून जंगलखात्यात नोकरीला लागलास, गवत राखायला. तू म्हणायचास, "तुझं गवत मी सांभाळतो, माझी वांगी तू सांभाळ." आणि दोघंही एकमेकांच्या कामाला नावं ठेवायचो. माझी वांगी बघून तू म्हणायचास, ही काय वांगी म्हणायची का सुपाऱ्या? आणि मी तुझं कुरण बघून म्हणायचो, एवढं गवत, आणि एका मेंढराच्या तोंडाला नाही, सरकारनं काय दृष्ट काढायला ठेवलंय का?

ते तिघे मास्तर पहिल्यांदा पाठीवर पिशव्या बांधून कुरणात आले तो दिवस मी विसरणार नाही. दिवाळीची सुट्टी होती, मी तुझ्या चौकीवर बसलो होतो. तू त्यांना अडवलंस.

"घरदार हाय का तुमाला?"

"आहे की," दिवाकर मास्तर म्हणाले.

"बायका हायत?"

"दोघांना आहेत."

"मंग भांडून आलाय का?"

ते बिचारे हसायला लागले. म्हणाले, आम्ही सुट्टीत पायी हिंडतो, रानात मुक्काम करतो, हाताने रांधून खातो, मजा म्हणून. तू माझ्याकडं बघितलंस. मजा म्हणून! आमच्या घरात ज्याला पोट भरणं म्हणतात त्याला हे लोक मजा म्हणतात, हे तुला आणि मला दोघांनाही पटायला वेळ लागला. पण मग तू त्यांना समोर बसवलंस आणि नियम सांगितलास. दसऱ्यापासनं पहिला पाऊस पडंपर्यंत कुरणात चूल मांडायची नाही, शेकोटी नाही, बिडीसुद्धा नाही. स्टो असला तर चौकीवरनं परवानगी घ्यायची. गवत काढलेल्या उघड्या मातीवर ठेवायचा, बाजूला पाण्याची कळशी भरून ठेवायची, आणि रॉकेल ओतायचं ते स्टो गार झाल्यावर. मास्तरांनी पिशवीतनं पितळेचा स्टो काढून दाखवला. तू त्याला हात लावून बघितलास, पंप दाबून बघितलास. नवीन सून बघावी तसा बघत होतास.

आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. तुझ्या तोंडामुळं. आपल्या सगळ्यांच्याच तोंडामुळं.

त्याच दिवशी आमच्या बिरूआबाचा वाडा तळ्याकाठी उतरला होता. हे वाचणाऱ्यांना सांगतो, वाडा म्हणजे आमच्याकडं घर नव्हे, मेंढरांचा कळप आणि त्याच्याबरोबर चालणारी घोड्या-कुत्र्यांसकट सगळी बिऱ्हाडं. बिरूआबा माझ्या बापाचा थोरला भाऊ. आमचं घर मळ्यात आलं तरी त्यानं काठी खाली ठेवली नाही. दिवाळी झाली की कोकणाच्या वाटेला लागायचा, आणि त्या वाटेवर हे कुरण ओलांडायला दोन मुक्काम पडतात. मी त्याच्यासाठी पाटीभर वांगी घेऊन गेलो होतो, कारण दात गेल्यावर भरीत तेवढं त्याला सुखानं खाता यायचं.

मास्तर लोक टेकाडापलीकडं निघाले. वारा सुटला होता. तू टेकाडावर उभा राहून दोन्ही हात तोंडापाशी धरून ओरडलास, "मास्तर! इस्टू चालंल! चूल न्हाय चालायची!"

स्टोला आपल्याकडं इस्टू म्हणतात. आणि विस्तवाला इस्तू. एका ट-त चा फरक. तू ओरडलास इस्टू, आणि वाऱ्याबरोबर ते तळ्यावर आबाच्या कानात पडलं ते इस्तू. सरकारचा माणूस टेकाडावर उभा राहून दवंडी दिल्यासारखं सांगतोय: इस्तू चालंल, चूल चालायची न्हाय!

मग आबानं कायदा पाळला. बाप रे, काय पाळला! सुनेनं मांडून ठेवलेली चूल मोडायला लावली. तिन्ही दगड उचलून लांब फेकले. दगड नाहीत, आडोसा नाही, नुसत्या भुईवर काटक्या-शेणकुटं पेटवून त्यात माझी वांगी भाजायला घातली. मी म्हटलं, "आबा, दगड कुठं गेलं?"

"सरकारचं दगडाशी काय वाकडं हाय कुनास ठावं," आबा म्हणाला, "पर हुकूम झालाय. इस्तू चालंल, चूल न्हाय. आपुन कशाला वंगाळ वागायचं?"

मला काही ते पटेना, पण मी विचार करतोय तोवर वाऱ्याचा एक झोत आला. चूल असती तर दगडांनी अडवला असता. इथं अडवायला काय होतं? ठिणग्या उडाल्या आणि वाळलेल्या कुसळी गवतानं पेट घेतला. कुसळी पेटल्यावर कशी तडतडते ते तुला मी काय सांगू. तू टेकाडावरून असा धावत आलास की तुझी टोपी कुठं पडली ते दुसऱ्या दिवशी सापडलं. तरवडाच्या डहाळ्या तोडल्या, आबाच्या घोंगड्या तळ्यात बुडवल्या, मास्तर लोकही पिशव्या टाकून परत पळत आले, आणि सगळ्यांनी मिळून झोडपून झोडपून तो जाळ ओढ्याच्या कडेला अडवला. गवताचा एक पट्टा काळा झाला. माणूस, मेंढरू कुणी गेलं नाही. वांगी मात्र उत्तम भाजली होती, आणि तू रागानं लाल झालेला असताना आबा तुला म्हणाला, "जरा भरीत खातूस का?"

सगळे दमून खाली बसले. मास्तर म्हणाले, विझलं, निघायचं का? तेव्हा तू जे केलंस ते मी पहिल्यांदा बघितलं. तू गुडघ्यावर बसून त्या काळ्या पट्ट्यावर हात ठेवत ठेवत फिरायला लागलास. उताणा नव्हे, पालथा पंजा, सगळा तळवा टेकून. "वरनं पानी मारलं की मानूस फसतो," तू म्हणालास. "शेनात इस्तू दडून बसतो. आत हात घालून बघायचं. हात ठरंना तवर कुनी हालायचं न्हाय." आणि कुणालाही हलू दिलं नाहीस. मास्तर, आबा, आबाची सून, मी, सगळे त्या राखेत हात घालत फिरत होतो. जिथं चटका बसला तिथं पुन्हा पाणी. माझ्या तळहाताला फोड आले. मी तुला शिव्या देत होतो आणि तू म्हणत होतास, शिव्या तोंडानं दे, हात खाली ठेव.

मग रेंजरसाहेब आले. शहरातले, नवीन, कपड्यांना इस्त्री. विचारलं, "आग कुणी लावली?"

आबा काठी टेकत उभा राहिला. "म्या लावली. पर कायद्यानं लावली."

साहेबांची नजर मेंढरांकडं गेली. मेंढरं कोंडवाड्यात गेली असती तर आबाचं सगळं संपलंच होतं. तेव्हा तू पुढं झालास. म्हणालास, "साहेब, चूक म्हाताऱ्याची न्हाय, माज्या तोंडाची हाय. मी म्हनलो इस्टू, त्यानं ऐकलं इस्तू."

"परत म्हण," साहेब म्हणाले.

"इस्टू."

"आणि दुसरं?"

"इस्तू."

"मला दोन्ही एकच ऐकू येतात."

"म्हंजी त्येला बी तसंच झालं, साहेब," तू म्हणालास.

दिवाकर मास्तरांनी तोंडाला रुमाल लावला. साहेबांनी तुझे सगळ्यांसमोर वाभाडे काढले, नोकरीची भीती घातली, आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. तू! ज्यानं जन्मात कुणाचं ऐकलं नाही! आबाची मेंढरं मात्र कोंडवाड्यात गेली नाहीत. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर तू मला तळ्यात ढकललं असतंस. आता मानतो. आता काय करशील?

त्या दिवसापासून तू स्टोला इस्टू म्हणायचं सोडलंस. 'पितळी' म्हणायला लागलास. "पितळी आणलीय का?" म्हणून विचारायचास. बघता बघता सगळे तेच म्हणायला लागले. परवा इंदापूरच्या स्टँडवर चहावाला पोऱ्याला ओरडत होता, पितळीत रॉकेल घाल म्हणून. मी चहा तसाच ठेवून उठलो. तू गेलास आणि तुझा शब्द तिथं बसून चहा उकळतोय. हे काय आहे रे?

पण त्या दिवसापासून आपलं भांडणही सुरू झालं. तू भ्यालास, रंगा. मी हे तुझ्या तोंडावर म्हणालोय, आता पाठीमागं म्हणतो असं समजू नकोस. त्याच्या आधी तू आबाला ओढ्याच्या पात्रात, वाळूत, चूल मांडू द्यायचास आणि दुसरीकडं बघायचास. वणव्यानंतर तेही बंद. मास्तरांकडं पितळी आहे, त्यांना परवानगी. आबाकडं तीन दगड आहेत, त्याला बंदी. दोन मुक्काम म्हातारा शिळ्या भाकरीचे तुकडे गार दुधात बुडवून चघळायचा. विस्तव नाही म्हणून लांडगा बिनधास्त वाड्याच्या कडेला येऊन कोकरं न्यायचा. मी म्हणायचो, हा तुझा कायदा पितळवाल्यांचा आहे. तू म्हणायचास, कायदा माझा नाही, आणि गवताला पितळ-दगड कळत नाही.

आणि गेल्या साली आबाची सून त्या तळ्याकाठीच बाळंत झाली. तिला शेक नको? कढत पाणी नको? तू चूल पेटवू दिली नाहीस. पण पार्वतीवहिनींनी चौकीवर पाणी तापवलं आणि तू ती घागर घोंगडीत गुंडाळून, डोक्यावर घेऊन, उन्हातनं तळ्यापर्यंत आलास. परत गेलास, परत आणलीस. तिसऱ्या खेपेला मी तुला वाटेत गाठलं. मी ओरडलो, "अरे, घागरी वाहतोस, पण तीन दगड मांडू देत नाहीस! तू माणूस आहेस का जनावर?"

तू म्हणालास, "बाजूला हो, पानी निवतंय."

मला त्या घटकेला तुझा इतका राग आला होता, आणि इतकी माया आली होती, की दोन्ही एका छातीत मावेनात. मी बाजूला झालो. पोरगं चांगलं आहे. आता चालतंय. त्याचं पाळण्यातलं नाव तुला माहीतच आहे, तुझंच आहे.

आणि गेल्या आठवड्यातलं बारामतीचं. मार्केटात माझी वांगी उतरवून मी चहाच्या टपरीवर बसलो होतो, तर तू आलास. मी लगेच सुरू झालो. आबाचा वाडा निघालाय, आठ दिवसांत कुरणात येईल, या वर्षी तरी काही करणार आहेस का, का म्हाताऱ्याला गार भाकरीवरच मारणार? तू भजी मागवली होतीस. एक तोंडात टाकलीस आणि म्हणालास, "सदा, आठवडाभर थांब. मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

"का? आठवड्यानं काय होणार?"

"तुज्याकडं ती मोठी कुदळ रिकामी हाय का?"

"काय पुरायचंय?"

"तुजं तोंड," म्हणालास, आणि हसलास. तेच मोठ्यानं, दाढा दिसेपर्यंत. मी रागातच होतो. गाडीतनं कुदळ काढून तुझ्या पुढ्यात आपटली. तू ती खांद्यावर टाकलीस आणि एसटीकडं गेलास. भजी तशीच राहिली. मी संपवली. आता ती भजी मला रोज आठवतात. काय मेली भजी आठवायची!

मास्तर या दिवाळीच्या सुट्टीतही पितळी घेऊन परवानगीला आले होते. चौकीवर तू नव्हतास म्हणून शोधत तळ्याकडं गेले, तर तू उघड्या मातीवर आडवा. शेजारी माझी कुदळ. त्यांना वाटलं, झोपला आहे. दिवाकर मास्तरांनी हाका मारल्या. मग खांद्याला हात लावला.

तुला नेलं, अग्नी दिला, तरी मी एकदाही कुणाला विचारलं नाही, की हा कुदळीनं काय खणत होता. जाळरेषा काढत असेल, गवत काढून आगीला अडवायचा पट्टा, असं वाटलं. मी कुठं काही विचारण्याच्या शुद्धीत होतो?

तिसऱ्या दिवशी सावडायला आलो. मंडळी जमायची होती. पार्वतीवहिनी उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, तळ्याकडं जाऊन आलासा का?"

"नाही."

"जाऊन या. तुमाला दाखवायचं हुतं त्यास्नी. मला म्हनले, सदाला आदी सांगू नगंस, त्याचं तोंड बगायचंय मला."

मी गेलो, रंगा. बघितलं. तळ्याच्या काठाला एक मोठं गोल रिंगण, गवताची काडी म्हणून नाही, मुळांसकट खणून काढलेलं. मधे हातभर खोल खड्डा. त्यात तीन दगड, मातीत पक्के बसवलेले, कुणाला उचलून फेकता येणार नाहीत असे. वाऱ्याच्या अंगाला कमरेएवढी दगडांची भिंत. भिंत पुरी झाली होती. रिंगणाचा एक कोपरा तेवढा राहिला होता. कुदळ तिथंच होती.

मी माझं तोंड कुणाला दाखवू? ज्याला बघायचं होतं तो कुठाय?

मी त्या दगडापाशी बसून मोठमोठ्यानं तुला शिव्या दिल्या. आठवडा झाला होता. तूच म्हणाला होतास.

परत आलो तर रेंजरसाहेब आले होते. आता तसे जुने झालेत ते, इस्त्री मोडली आहे. त्यांनीच सांगितलं, की तू महिनाभर त्यांच्या मागं लागला होतास. त्यांना नेऊन जागा दाखवलीस, आणि त्यांनी तोंडी परवानगी दिली, की वाडेवाल्यांनी एवढ्या एका जागी चूल मांडावी. "पण ती मी रंगरावाच्या शब्दावर दिली होती," साहेब म्हणाले. "तो म्हणाला होता, प्रत्येक वेळी राखेत हात घालून मी स्वतः बघीन. आता कोण बघणार? मला पुन्हा विचार करावा लागेल."

आबा तिथंच उभा होता. त्याचा वाडा आदल्या दिवशीच कुरणाच्या कडेला येऊन थांबला होता. त्यानं ते ऐकलं आणि मान हलवली. म्हाताऱ्यानं काही मागितलं नाही. म्हणाला, "चला, पोराला सावडू."

ओढ्याकाठी गेलो. तुझ्या भावांनी पाणी शिंपडलं, दूध शिंपडलं, अस्थी गोळा केल्या. सगळं रीतीप्रमाणं झालं. कुणीतरी म्हणालं, "चला आता. मागं वळून बगू नका."

मंडळी निघाली. आबा निघेना. काठी खाली ठेवली, एका गुडघ्यावर बसला, आणि त्या ओल्या राखेत पालथा पंजा घालून दाबून धरला. मनगटापर्यंत. मग झटक्यानं बाहेर काढला.

"थांबा," म्हणाला. "हात ठरंना."

भावकीतल्या एकानं त्याच्या दंडाला धरलं. "आबा, झालं आता सगळं. पानी मारलंय की वरनं."

"वरनं पानी मारलं की मानूस फसतो," आबा म्हणाला. "कायदा हाय त्याचा. हात ठरंना तवर कुनी हालायचं न्हाय." आणि तिथंच मांडी घालून बसला.

मग मी बसलो. दिवाकर मास्तर बसले, त्यांचे दोघे सोबती बसले. तुझे भाऊ वळले होते ते परत आले. ओढ्यातनं पाणी आणून आबा हळूहळू घालायचा, जरा थांबायचा, पुन्हा हात घालायचा. रेंजरसाहेब थोडा वेळ लांब उभे होते. मग बूट काढून आले आणि त्यांनीही खाली बसून राखेत हात घातला. चटका बसला असावा, कारण त्यांनी ओठ दाबले, पण हात लगेच काढला नाही.

ऊन चढलं. शेवटी आबानं पंजा टेकला आणि टेकूनच ठेवला. बराच वेळ. आम्ही सगळे त्या हाताकडं बघत होतो. "निवला," आबा म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

साहेब उठले, हात झटकले. आबाच्या समोर उभे राहिले. शहरातला माणूस, पण आपल्या तोंडानं बोलायला बघत होता.

"आबा," ते म्हणाले, "इस्तू चालंल."

त, रंगा. ट नव्हे. अगदी स्वच्छ.

आबानं खात्री करायला कानाला हात लावून परत विचारलं. साहेबांनी परत सांगितलं. कुदळ मी तळ्यावरच राहू दिली आहे. राहिलेला कोपरा खणून होईल उद्या.